निबंध पाठ करून येणाऱ्या वर्गाला लिहितं कसं करायचं?

पत्र

मी धायरीतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. वर्ग सेमीचा, एका तुकडीत साठ-पासष्ट मुलं. निबंध म्हटला की मुलं अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या गाइडमधला निबंध पाठ करून येतात. मागच्या महिन्यात नववीला ‘अ रेनी डे’ लिहायला दिला, तर निम्म्याहून जास्त वह्यांत मजकूर शब्दन्‌शब्द सारखा. काही मुलं मोबाइलवरून तयार निबंध उतरवून आणतात. ‘स्वतःच्या मनाने लिहा’ म्हटलं की वर्ग गप्प बसतो. ज्यांनी लिहिलं त्यांच्या वह्यांत माझ्या हातून इतकी लाल शाई होते की ते मूल पुढच्या वेळी पुन्हा गाइडकडे वळतं. पालकसभेत एक वडील म्हणाले, “मॅडम, पाठच करून घ्या, मार्क पडले म्हणजे झालं.” मी स्वतः मराठी माध्यमातून शिकले. या मुलांना इंग्रजीत चांगला निबंध लिहायला शिकवणं माझ्याच्याने होईल का?

उत्तर

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. होईल. तुम्ही मराठी माध्यमातून आलात ही या कामात जमेची बाजू आहे, कारण मुलाचं इंग्रजी वाक्य नेमकं कुठे अडलं आणि का अडलं हे तुम्हाला आतून कळतं.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: ‘स्वतःच्या मनाने लिहा म्हटलं की वर्ग गप्प बसतो.’ ही मुलं मधल्या सुट्टीत गप्प बसतात का? नाही. २००० सालापासून राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, तुमच्या वर्गाचं तर विज्ञान आणि गणितही इंग्रजीतून चालतं. म्हणजे शब्द अगदीच नाहीत असंही नाही. मुलं गप्प होतात कारण पावसाळी दिवसाबद्दल त्यांना कोणाला काही सांगायचं नसतं. विषय इतका मोठा आणि इतका वापरलेला असतो की त्यात स्वतःचं पाऊल कुठे टाकावं तेच कळत नाही. मग गाइडमधला निबंध पाठ करणं हा त्यांच्या दृष्टीने शहाणपणाचाच मार्ग ठरतो. म्हणून माझा सल्ला असा की इंग्रजी सुधारण्याच्या मागे लागण्याआधी मुलांकडे सांगण्यासारखं काही येईल अशी व्यवस्था करा. इंग्रजीचं काम त्यानंतरचं आहे. ते होतं, आणि पुष्कळ सोपं होतं.

पहिली गोष्ट विषयाची. ‘ट्रॅफिक इन पुणे’ असा विषय दिलात तर पुन्हा गाइड उघडेल. त्याऐवजी शाळेचं दार घ्या. सकाळी शाळा भरताना दारासमोर व्हॅन, रिक्षा, दुचाक्यांची जी गर्दी होते ती तुमच्या प्रत्येक मुलाने पाहिली आहे, रोज पाहतो आहे. विषय असा द्या: ‘मुलांना सोडणाऱ्या गाड्यांना शाळेच्या दारासमोर थांबू द्यावं का?’ आणि लिहायला सांगण्याआधी एक काम द्या. शाळा भरण्यापूर्वीची दहा मिनिटं दाराशी उभं राहून किती गाड्या थांबल्या, किती दोन-तीन रांगांत थांबल्या, लहान मुलं कुठल्या बाजूने उतरली, हे मोजून वहीत टिपून आणायचं. चार-पाच मुलांचा एक गट, प्रत्येक गटाला एक दिवस. दोन-तीन आठवड्यांत वर्गाकडे असा मजकूर जमतो जो कुठल्याच गाइडमध्ये नाही. मोबाइलवाल्यांचा प्रश्नही इथेच बराचसा सुटतो, कारण मंगळवारी सकाळी धायरीतल्या एका शाळेच्या दारात किती व्हॅन थांबल्या हे मोबाइलला ठाऊक नसतं.

मग त्यावर मराठीत बोलू द्या. हे मुद्दाम सांगते, कारण इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्दही नको असं पुष्कळ मुख्याध्यापकांना वाटतं. निबंधाच्या बाबतीत मी ते मान्य करत नाही. चौदा वर्षांच्या मुलाचा विचार चौदा वर्षांचा असतो. त्याला पहिल्या मिनिटापासून इंग्रजीतच विचार करायला लावलं तर तो त्याच्या इंग्रजीइतकाच लहान विचार करतो, आणि ‘ट्रॅफिक इज अ बिग प्रॉब्लेम’ इथेच थांबतो. मराठीत बोलायला मिळालं की तोच मुलगा सांगेल, “व्हॅनवाले काका दारातच थांबतात कारण पुढे थांबले तर पहिलीतली पोरं रस्ता ओलांडताना घाबरतात.” हा मुद्दा आहे. आता याला इंग्रजी शोधायचं, आणि मुद्दा हातात असलेलं मूल शब्द शोधायला तयार असतं.

या बोलण्याच्या वेळी तुम्ही फक्त एकच प्रश्न विचारत राहा: “कशावरून?” मुलगी म्हणाली, गाड्या थांबू देऊ नयेत, कारण धोका आहे. कशावरून? सोमवारी सात गाड्या दोन रांगांत उभ्या होत्या. मग? मागच्या रांगेतली मुलं वाहत्या रस्त्याच्या बाजूला उतरली. झाला तिचा परिच्छेद. एक म्हणणं, त्याचा आधार, आणि त्या आधाराचा म्हणण्याशी असलेला धागा. काही दिवसांनी मुलंच एकमेकांना ‘कशावरून’ विचारायला लागतात, आणि तुम्ही वही तपासताना समासात एवढा एकच शब्द लिहिलात तरी पुरतो.

म्हणणं कसं असावं, याची एक साधी कसोटी मुलांना द्या. ज्याच्याशी वर्गातला एखादा तरी असहमत होऊ शकेल असं वाक्य हवं. ‘झाडं महत्त्वाची आहेत’ याला कोणी नाही म्हणणार नाही, म्हणून त्यावर निबंध उभा राहत नाही. ‘दारासमोर फक्त पहिली ते चौथीच्या मुलांच्या गाड्या थांबाव्यात’ याला आठवीतली मुलं लगेच हरकत घेतील. ती हरकतही निबंधात यायला हवी. आपल्याकडे शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडायची रीत होती: विरोधकाचं म्हणणं त्याला स्वतःला पटेल इतक्या नीटपणे सांगायचं आणि मग उत्तर द्यायचं. नववीच्या मुलांना हे जमतं. ज्या गटाला गाड्या नको आहेत त्याला गाड्यांच्या बाजूने तीन वाक्यं लिहायला लावा. त्यानंतर त्यांचा स्वतःचा निबंध बदललेला दिसेल.

याचं एक उदाहरण पुण्यातलंच आहे आणि ते तुमच्या मुलांपर्यंत पोचावं असं मला मनापासून वाटतं. १८५५ मध्ये फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत दोन भागांत छापून आला. निबंध मराठीत आहे, तरी इंग्रजीच्या तासाला आणा. तो कसा बांधला आहे ते बघण्यासारखं आहे. ती समोरच्याचंच म्हणणं उचलते: वेद आमचे, असं ब्राह्मण म्हणतात. ठीक, मग वेद फक्त त्यांचे असतील तर आमच्याकडे धर्मपुस्तक नाही हे उघड झालं, आणि आमचा धर्म कोणता हे आम्हाला कोणीतरी सांगायला हवं. एकेक पायरी चढत ती प्रतिपक्षाला त्याच्याच विधानाच्या टोकाशी नेऊन उभं करते. आणि दुःखाबद्दल लिहिते तेव्हा ‘आम्हाला फार त्रास होतो’ एवढ्यावर थांबत नाही. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडी, पाऊस, वारा यांनी त्यांचे किती हाल होत असतील, हे ती दाखवते. तिच्या हातात नुकतीच अक्षरं आली होती. गाइड नव्हतं, अलंकारिक सुरुवात नव्हती, सुविचार नव्हते. सांगायचं मात्र पक्कं होतं.

यातले दोन परिच्छेद मराठीच्या बाईंना सोबत घेऊन वर्गात मोठ्याने वाचा. मुलांना पेन्सिलने खुणा करू द्या: म्हणणं कुठे आहे, आधार कुठे आहे, विरोधकाला उत्तर कुठे दिलं आहे. मग तुमच्या शाळेच्या दाराच्या निबंधावर तशाच खुणा करायला सांगा. जिथे एकही खूण पडत नाही ती वाक्यं खोडायची. मुलांना वाक्यं खोडायला आवडत नाहीत, कारण लांबीला मार्क असतात असं त्यांनी धरलेलं असतं. पहिल्या वेळी तुम्ही स्वतः फळ्यावर एक परिच्छेद लिहून त्यातली भरताड वाक्यं त्यांच्यासमोर खोडून दाखवा.

सुरुवातीबद्दल थोडक्यात. ‘इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड’ आणि दिवाळी हा दिव्यांचा सण, अशा सुरुवाती बंद करा. पहिला परिच्छेद सगळ्यात शेवटी लिहायला सांगा. आपण काय सिद्ध केलं हे तोवर मुलाला कळलेलं असतं, आणि दोन वाक्यांत काम होतं.

आता इंग्रजी. इथे तुमचा पाठांतराशी असलेला झगडा थोडा सैल करावा असं मी सुचवेन. पाठांतर ही आपल्या मुलांची ताकद आहे, पाढे आणि श्लोक त्यांनी तसेच मिळवले. पाठ करायची वस्तू मात्र बदला. अख्खा निबंध नको, वाक्यांचे सांधे पाठ करू द्या: ‘वन रीझन इज दॅट’, ‘फॉर इन्स्टन्स’, ‘सम पीपल मे से दॅट’, ‘ईव्हन सो’, ‘धिस शोज दॅट’. असे पंधरा-वीस सांधे भिंतीवर लावा. विचार मुलाचा, जोडणी पाठ केलेली. कमजोर मुलांना याचा फार आधार वाटतो.

त्याच्या जोडीला दोन-तीन लहान वाक्यं देऊन त्यांचं एक करायचा सराव रोज पाच मिनिटं घ्या. ‘द बॉय गॉट डाउन. ही डिड नॉट लुक बॅक. अ बाइक वॉज कमिंग.’ याची मुलं चार-पाच वेगवेगळी वाक्यं करतात, आणि कुठलं जास्त ठसतं यावर वर्गात वाद होतो. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन या अमेरिकी संशोधकांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनावरचे पुष्कळ प्रयोग एकत्र तपासले. लेखनाच्या पायऱ्या उघडपणे शिकवणं, मिळून लिहिणं, वाक्यं जोडण्याचा सराव, यांनी लेखन सुधारलेलं दिसलं. सुटं व्याकरण शिकवण्याचा मात्र लेखनाला उपयोग दिसला नाही. ते वर्ग आपल्यासारखे नव्हते, तेव्हा सगळं जसंच्या तसं उचलू नका. पण वाक्यं जोडण्याचा सराव आपल्या वर्गात सहज बसतो, त्याला फळा आणि खडू एवढंच लागतं.

आणि मराठी शब्दांना घाबरू नका. ‘अ फेस्टिव्हल आय लाइक’ या विषयावर एखादी मुलगी आषाढातल्या पालख्यांबद्दल लिहील. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाला आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला मुक्कामाला असते, आजी दोन दिवस आधीपासून वारकऱ्यांसाठी स्वयंपाकाच्या तयारीला लागते. तिने ‘दिंडी’ शब्द तसाच ठेवावा आणि वाचणाऱ्याला तो त्याच वाक्यात उलगडून सांगावा: ‘अ दिंडी, अ ग्रुप ऑफ पिल्ग्रिम्स हू वॉक अँड सिंग टुगेदर’. अनोळखी वाचकाला आपलं जग समजावून सांगणं, हे इंग्रजी निबंधातलं फार मोलाचं कौशल्य तिला यातून शिकायला मिळतं.

लाल शाईचं बघू. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये अशी भूमिका घेतली की परभाषेच्या लेखनात व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून देणं निरुपयोगी आहे, ते सोडूनच द्यावं. डॅना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्याला उत्तर दिलं की असा निकाल देणं घाईचं आहे, निवडक आणि स्पष्ट दुरुस्तीने काही मुलांना मदत होते. हा वाद पुढे खूप चालला. मी फेरिसबाईंच्या बाजूची आहे, पण ‘निवडक’ या शब्दावर फार जोर देऊन. पासष्ट वह्यांतली प्रत्येक चूक दुरुस्त करणारी शिक्षिका रात्री बारापर्यंत जागते, आणि मूल फक्त मार्क बघून वही मिटतं.

तुम्ही असं करा. पहिल्या मसुद्यावर व्याकरणाची एकही खूण नको. फक्त ‘कशावरून?’, ‘अजून सांग’, ‘हे मला दिसलं’, इतकंच. दुसऱ्या मसुद्यात वर्गासाठी एकच चूक निवडा आणि ती आधी जाहीर करा. या वेळी फक्त भूतकाळ बघणार आहे, बाकी सोडून देणार. आपल्या मुलांच्या भूतकाळात एक ठरलेली गडबड असते. ‘मी सिंहगडावर गेलो होतो’ असं आपण सहज बोलतो, म्हणून मूल ‘आय हॅड गॉन टू सिंहगड लास्ट संडे’ लिहितं, तिथे ‘आय वेन्ट’ हवं. हे नियम सांगून कळत नाही. वह्यांतली अशी पाच वाक्यं नावं न सांगता फळ्यावर घ्या, मुलांकडून बदलून घ्या, आणि मग त्यांना आपापल्या वहीत तसली वाक्यं शोधायला लावा. पुढच्या निबंधाला ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’. मराठीत ही सोयच नसल्याने ते वर्षभर चालेल, त्याची चिंता करू नका. त्यानंतर ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ सारखी वाक्यं. वर्षात अशा चार-पाच गोष्टी पक्क्या झाल्या तरी वर्गाचं इंग्रजी ओळखू येणार नाही इतकं बदलतं.

सगळ्या वह्या दर वेळी तपासायच्या नाहीत. एका निबंधाला एक तृतीयांश वर्ग, पुढच्याला दुसरा. उरलेल्या वह्या शेजारचं मूल वाचेल आणि दोनच गोष्टी लिहील: तुझं म्हणणं मला असं समजलं, आणि इथे मला ‘कशावरून’ विचारावंसं वाटलं. स्पेलिंग काढत बसायची परवानगी नाही. शेजाऱ्याला मुद्दा भलताच समजला असेल तर लिहिणाऱ्याला तो धक्का तुमच्या शेऱ्यापेक्षा जास्त शिकवतो.

निबंध वर्गातच लिहून घ्या, निदान पहिला मसुदा. त्यासाठी दोन जोड तास मागून घ्यावे लागतील. मुख्याध्यापकांना सांगा की घरून येणाऱ्या निबंधाची आता खात्री देता येत नाही. हे त्यांनाही माहीत असतं.

त्या वडिलांचं म्हणणं उडवून लावू नका. त्यांनी मार्कांची काळजी केली त्यात चूक नाही. त्यांच्या मुलाला पुढे अकरावीचा प्रवेश मिळवायचा आहे. पण दहावीच्या पेपरात आता पत्र असतं, भाषणाचा मसुदा असतो, दिलेल्या माहितीवरून परिच्छेद लिहायचा असतो. समोर येईल त्या मुद्द्यावर तिथेच बसून लिहिणं हीच तिथली गरज आहे, आणि पाठ केलेला निबंध नेमका त्याच ठिकाणी कामाला येत नाही. हे त्यांना सांगा, पण फक्त सांगू नका. पुढच्या पालकसभेत त्यांच्या मुलाचे दोन मसुदे शेजारी शेजारी ठेवा, जूनमधला पाठ केलेला आणि शाळेच्या दारावरचा स्वतःचा. दुसऱ्यात चुका जास्त असतील. मुलाला तो मोठ्याने वाचू द्या, आणि वडिलांना इंग्रजी कळत नसेल तर त्यात काय लिहिलं आहे ते मुलालाच मराठीत सांगू द्या. वडील त्यावर काहीतरी विचारतीलच. त्याचं उत्तरही मुलालाच देऊ द्या.